गोष्टीच्या बदल्यात जीव: अरबी कथांमधली कथाचौकट वाचायची कशी, बांधायची कशी

अलादीन, अलीबाबा आणि सिंदबाद ही तीन नावं मराठी घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण ‘एक हजार एक रात्रीं’ची खरी करामत शिकायची असेल, तर नेमकं या तिघांनाच आधी बाजूला ठेवावं लागतं. अलादीन आणि अलीबाबा जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाहीत. हन्ना दियाब हा अलेप्पोचा तरुण 1709 मध्ये पॅरिसला होता. त्याने या गोष्टी अंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितल्या आणि गालाँने त्या आपल्या खंडांत घातल्या. सिंदबादच्या सफरीही मूळच्या वेगळ्याच. आपल्याकडच्या बालआवृत्त्यांनी मग उरलंसुरलं सोपं केलं, म्हणजे या सगळ्या गोष्टी राजाला सांगणाऱ्या शहरझादला पहिल्या दोन पानांत आटोपलं आणि गोष्टी सुट्या करून छापल्या. त्यामुळे कोण कुणाला सांगतंय आणि का, हा धागाच तुटला.

हा लेख त्या धाग्याबद्दल आहे. गोष्टीतली गोष्ट वाचताना गोंधळ होतो, कोणाची गोष्ट चालू आहे तेच कळेनासं होतं, अशी तक्रार अनेक वाचक करतात. लिहिणाऱ्यांची अडचण उलटी असते. चौकट, म्हणजे बाकीच्या गोष्टी पोटात घेणारी बाहेरची गोष्ट, घातली तरी ती नुसती शोभेची राहते. दोन्हींवर उपाय एकच आहे. या कथांत प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी बदल्यात सांगितली जाते. कुणाचा तरी जीव टांगणीला असतो आणि गोष्ट ही त्याची किंमत असते. त्या देण्याघेण्यावर नजर ठेवली की पाच पदर खाली उतरलात तरी वाट चुकत नाही.

पायरी पहिली: कुठली प्रत हाती घ्यायची

सगळ्यात जुनं मोठं अरबी हस्तलिखित सीरियातलं. गालाँने वापरलं तेच हे, आता ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावरून मुहसिन महदी यांनी 1984 मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली, आणि तिचं हुसेन हद्दावी यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर 1990 मध्ये आलं. तिथे रात्री हजार नाहीत, तीनशेसुद्धा नाहीत. पण चौकट शिकायला हीच प्रत उत्तम, कारण तिच्यात भरताड नाही. हजार रात्रींचा आकडा पुरा करणाऱ्या छापील अरबी आवृत्त्या पुढच्या: कैरोजवळच्या बुलाकची 1835 ची आणि आपल्या कलकत्त्याहून 1839 ते 1842 मध्ये निघालेली. रिचर्ड बर्टनचं इंग्रजी भाषांतर मुख्यतः या कलकत्ता आवृत्तीवर उभं आहे आणि गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलं ते बर्टन. त्याआधी एकोणिसाव्या शतकातच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या होत्या.

मराठीतच वाचायचं असेल तर देशपांडे यांचे सुरुवातीचे भाग घ्या. सगळं वाचायचा संकल्प सोडून सरळ चार मालिका निवडा: व्यापारी आणि जिन, कोळी आणि जिन, हमाल आणि बगदादच्या तीन स्त्रिया, आणि कुबड्याची गोष्ट. पुढच्या रात्रींत कितीतरी गोष्टी नुसत्या एकापुढे एक ठेवलेल्या आहेत.

पायरी दुसरी: बाहेरची चौकट सावकाश वाचा

शहरियारला पत्नीचा विश्वासघात दिसतो, तो रोज एका मुलीशी लग्न करून सकाळी तिला मारतो, वजिराची मुलगी शहरझाद गोष्टी सांगून वाचते. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि एवढ्यावर सगळे पुढे सरकतात. पण या चौकटीत तीन गोष्टी अशा आहेत की पुढच्या सगळ्या रात्रींची किल्ली त्यांच्यात आहे.

एक म्हणजे शहरझादच्या आधी तिचा बाप गोष्ट सांगतो. मुलीने राजाशी लग्न करू नये म्हणून वजीर तिला बैल, गाढव आणि जनावरांची भाषा कळणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट ऐकवतो. शहरझादवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. म्हणजे गोष्टींच्या या महापुस्तकात कुणी कुणाला काही पटवण्यासाठी सांगितलेली पहिली गोष्ट फसते! ती बोध करायला सांगितली होती, आणि ऐकणारीचा निर्णय आधीच झाला होता. लिहिणाऱ्याने ही जागा पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावी.

दुसरी जागा धाकट्या बहिणीची. जुन्या प्रतीत तिचं नाव दिनारझाद, पुढच्या प्रतींत दुनियाझाद. शहरझाद राजाला “एक गोष्ट सांगू का?” असं विचारत नाही. ती आधीच बहिणीला पढवून ठेवते. रात्री बहीण म्हणते, “ताई, झोप येत नसेल तर तुझ्या त्या सुंदर गोष्टींपैकी एखादी सांग ना.” मग शहरझाद राजाकडे परवानगी मागते. मागणी तिसऱ्याची आणि परवानगी राजाची, त्यामुळे राजा कानावर पडलं म्हणून ऐकायला लागतो आणि त्याला कुणी शिकवायला बसल्यासारखं वाटत नाही. बापाची चूक मुलीने केली नाही.

तिसरी जागा राजाच्या मनातली. “उरलेली गोष्ट ऐकेपर्यंत हिला मारत नाही,” एवढंच तो ठरवतो. ही माफी नाही. ही मुदतवाढ आहे, आणि ती रोज संपते.

या चौकटीचं वय किती हेही लक्षात घेण्यासारखं आहे. या पुस्तकाचा हाती असलेला सगळ्यात जुना पुरावा म्हणजे शिकागोत असलेला एक फाटका कागद. नाबिया ॲबट यांनी 1949 मध्ये तो अभ्यासून प्रसिद्ध केला. त्यावर इ. स. 879 ची नोंद आहे, आणि पुस्तकाचा मजकूर त्याही आधीचा. त्यावर ग्रंथाचं नाव आहे आणि बहीण गोष्ट सांगायला सांगते ती ओळ आहे. आतल्या गोष्टी शतकानुशतकं बदलत गेल्या. त्या कागदावर नेमकी चौकट उरली आहे.

पायरी तिसरी: खतावणी मांडा

आता कागद घ्या आणि चार रकाने आखा. कोण सांगतो, कोणाला सांगतो, बदल्यात काय मागतो, आणि शेवटी काय मिळतं. सावकाराच्या खतावणीसारखी ही नोंद प्रत्येक नव्या सांगणाऱ्याला एक ओळ देऊन ठेवायची. कथानक लिहू नका, ते लक्षात राहतंच.

सुरुवात व्यापारी आणि जिन या गोष्टीपासून करा, कारण इथे हिशेब अगदी उघड आहे. व्यापारी खजूर खाऊन बी भिरकावतो, ती जिनच्या अदृश्य मुलाला लागते, मुलगा मरतो. जिन त्याचा जीव मागतो, पण देणीघेणी उरकून यायला मुदत देतो. व्यापारी शब्दाला जागून परत येतो. तिथे तीन म्हातारे भेटतात. एकाबरोबर हरिणी, दुसऱ्याबरोबर दोन काळे कुत्रे, तिसऱ्याबरोबर खेचरी. पहिला म्हातारा जिनला म्हणतो, माझी आणि या हरिणीची गोष्ट ऐक आणि नवलाची वाटली तर या माणसाच्या रक्ताचा एक तृतीयांश वाटा मला सोड. जिन कबूल होतो. दुसराही एक तृतीयांश सोडवतो, तिसराही.

एक जीव, तीन हप्ते! आणि हे सगळं शहरझाद कुणाला सांगते आहे? ज्याने तिचा जीव उद्या सकाळपर्यंत राखला आहे त्याला. पहिल्याच गोष्टीत ती राजासमोर असा एक बलवान ठेवते की जो गोष्टीच्या बदल्यात रक्त माफ करतो. पण “तूही तसंच कर” हे ती उच्चारत नाही.

एक बारीक गंमत. सीरियातल्या जुन्या हस्तलिखितात तिसऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलेलीच नाही. त्याने आणखी नवलाची गोष्ट सांगितली, जिन खूश झाला, बस्स. खेचरीची गोष्ट पुढच्या प्रतींत दिसते. मला जुनीच मांडणी बरी वाटते. दोनदा नमुना दाखवल्यावर तिसऱ्यांदा वाचक स्वतः भरून घेतो.

पायरी चौथी: पदर मोजा, पण उतरण्यापेक्षा वर येण्याकडे बघा

कोळ्याच्या गोष्टीत खोली वाढते. कोळी दिवसातून चारदाच जाळं टाकतो. चौथ्यांदा पितळेची सुरई लागते, तिच्यावर सुलेमानाची मोहर. आतून निघालेला जिन उपकारकर्त्यालाच मारायला उठतो. कोळी त्याला फसवून परत सुरईत घालतो आणि मग गोष्ट सुरू करतो: युनान राजा आणि हकीम दूबान यांची. हकिमाने राजाचा कोड बरा केला, तरी मत्सरी वजिराचं ऐकून राजा त्याला मारायला निघतो. आधी युनान राजा वजिराला ऐकवतो ती नवरा, बायको आणि पोपटाची गोष्ट. बायको घरी काय करते ते पोपट नवऱ्याला सांगतो, बायको युक्तीने पोपटाला खोटा पाडते, नवरा पोपटाला मारून पस्तावतो.

आता बोटांवर मोजा. निनावी निवेदक शहरझादबद्दल सांगतो, शहरझाद कोळ्याबद्दल, कोळी युनानबद्दल, युनान त्या नवऱ्याबद्दल, आणि त्याच्या घरात पोपट आपला अहवाल देतो. पाच तोंडं. तरी वाचक हरवत नाही, याची कारणं दोन. सगळ्यात खालची गोष्ट अगदी आखूड आहे. आणि वर येताना प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबून बोलतं: राजा वजिराला म्हणतो, मीही असाच पस्तावेन, वजीर लगेच उलट गोष्ट टाकतो, कोळी मध्येच सुरईतल्या जिनला म्हणतो, तूही माझ्याशी असाच वागलास. उतरताना शब्द कमी लागतात. परतीच्या वाटेवर मात्र खुणेचे दगड हवेतच.

खतावणीत इथे एक वेगळी नोंद पडते. युनान राजा स्वतः समजूतदार गोष्ट सांगूनही वजिराच्या गोष्टीला बळी पडतो. हकिमाचं डोकं उडतं, आणि विषारी पानं चाळून राजाही मरतो. सगळ्या गोष्टी जीव वाचवत नाहीत, काही जीव घेतात. हमालाच्या मालिकेत दुसरा कलंदर, म्हणजे भटका फकीर, इफ्रितापुढे, म्हणजे एका बलाढ्य जिनापुढे, गयावया करत मत्सरी माणसाची गोष्ट सांगतो, आणि इफ्रित त्याला मारत नाही, माकड करून टाकतो. अर्धी वसुली! तुमच्या रकान्यात असे अर्धे आकडे लिहायला विसरू नका. पुस्तकाची चव तिथेच आहे.

पायरी पाचवी: कुबड्याची गोष्ट, सगळ्यात मोठा वर्ग

ही मालिका पूर्ण उलगडली तर बाकी काही शिकायचं राहत नाही, म्हणून हिला वेळ द्या.

चीनमधल्या एका शहरात शिंपी आणि त्याची बायको एका गमत्या कुबड्याला जेवायला बोलावतात. बायको चेष्टेने माशाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबते, काटा अडकतो, कुबडा आडवा. घाबरून ते त्याला यहुदी वैद्याच्या जिन्यावर टाकतात. वैद्य अंधारात त्याला अडखळतो, आपल्याच हातून मेला असं समजून शेजारच्या घरी, राजाच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याकडे, सोडून देतो. कारभारी चोर समजून त्याला बडवतो आणि मग बाजारात उभा करून ठेवतो. तिथे झिंगलेला ख्रिस्ती दलाल त्याला पागोटंचोर समजून मारतो आणि पकडला जातो. फाशीच्या दोरापाशी एकेक जण पुढे येऊन म्हणतो, मारणारा मी. राजा चकित होऊन विचारतो, याहून नवलाची गोष्ट कुणी ऐकली आहे का? आता चौघांच्या माना त्या प्रश्नाला बांधलेल्या.

दलाल सांगतो, राजाला पुरत नाही. कारभारी सांगतो, नाही. वैद्य, नाही. आतल्या या गोष्टी आळीपाळीने वाचा आणि शरीरांकडे लक्ष ठेवा. दलालाच्या गोष्टीतल्या तरुणाचा उजवा हात तोडलेला. कारभाऱ्याच्या गोष्टीतल्या तरुणाचे अंगठे कापलेले, कारण झिरबाज नावाचं कालवण खाऊन तो हात न धुता नव्या नवरीजवळ गेला होता. आता ते कालवण पुढ्यात आलं की तो तीन तऱ्हांनी चाळीस-चाळीस वेळा, म्हणजे एकशेवीसदा, हात धुतो. वैद्याच्या गोष्टीतल्या तरुणाचाही हात गेलेला. शिंप्याच्या गोष्टीतला तरुण लंगडा. बाहेर एक प्रेत पडलं आहे आणि आत प्रत्येक जण शरीराचा एक तुकडा गमावून जिवंत राहिला आहे. आतल्या गोष्टी बाहेरच्या गोष्टीला अशा आतून शिवलेल्या असतात, विषयाने नव्हे, तपशिलाने.

मग येतो न्हावी. लंगड्या तरुणाला शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी काझीच्या मुलीला चोरून भेटायचं आहे. डोकं करून घ्यायला त्याने न्हावी बोलावला. न्हावी वस्तरा काढायच्या आधी चांदीने मढवलेलं ॲस्ट्रोलेब, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, काढतो, अंगणाच्या मधोमध जाऊन सूर्याची उंची घेतो, आज तारीख कोणती, ग्रह कुठे, मुहूर्त कसा हे ऐकवतो. मग जरा डोकं भिजवतो, पुन्हा बोलायला लागतो. तरुण ओरडतो, शिव्या देतो, पैसे घेऊन जा म्हणतो. न्हाव्याचं एकच पालुपद: आपण फार मितभाषी! शेवटी उशीर, काझीच्या घरी बोभाटा, आणि तरुणाचा पाय मोडतो.

हा न्हावी म्हणजे शहरझादचं व्यंगचित्र आहे असं मी मानतो. तिच्या बोलण्याने जीव वाचतो, याच्या बोलण्याने पाय जातो. आणि ही थट्टा शहरझाद स्वतःच्याच तोंडून, मरणाच्या छायेत बसून, करते आहे. एवढ्यावर थांबत नाही. आपण कमी बोलतो हे सिद्ध करायला न्हावी आपल्या सहा भावांच्या सहा गोष्टी सांगतो, त्या कधीकाळी खलिफाला सांगितलेल्या. शिंप्याकडून हे सगळं ऐकून राजा म्हणतो, मला तो न्हावी दाखवा.

इथे आतल्या गोष्टीतलं पात्र उठून बाहेरच्या दरबारात येतं. न्हावी कुबड्याकडे बघतो, हसत सुटतो, चिमट्याने घशातला काटा ओढतो, कुबडा शिंकून उठून बसतो. चौघेही सुटतात. खून झालाच नव्हता. बडबड्याला आत आणलं नसतं तर हे कळलंच नसतं. म्हणजे आतल्या गोष्टीने बाहेरच्या गोष्टीचं सत्यच बदललं.

पायरी सहावी: सकाळ कुठे होते ते टिपा

“आणि शहरझादला पहाट दिसली, ती बोलायची थांबली.” हे वाक्य दर रात्री येतं, आणि वाचक त्यावरून नजर सरकवतो. तसं करू नका. प्रत्येक वेळी मागचं वाक्य वाचा. पहिली रात्र संपते तेव्हा जिनने व्यापाऱ्यावर तलवार उगारलेली असते. उगारलेली तलवार आणि ऐकणारा राजा, ज्याची तलवार सकाळी पडायची आहे, हे दोन्ही एका क्षणात थांबतात.

दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने आपल्या ग्रंथसूचीत या कथांच्या फारसी पूर्वजाची नोंद केली आहे. तो लिहितो की त्यात हजार रात्री आहेत पण गोष्टी दोनशेच्या आतच, कारण एक गोष्ट अनेक रात्री चाले. त्याला पुस्तक विशेष आवडलं नाही, रटाळ म्हणाला. पण हा हिशेब त्याने नेमका टिपला. रात्र संपते तिथे गोष्ट संपत नाही, आणि गोष्ट संपली तरी रात्र उरलेली असू शकते. गोष्ट संपली की शहरझाद लगेच म्हणते, ही काय, पुढची ऐकाल तर! आणि तिचं टोक उघडून ठेवते. दमास्कसच्या उमय्या मशिदीमागच्या नौफरा कॅफेत खुर्चीवर बसून सांगणारे हकवाती, म्हणजे कथेकरी, अंतरा या अरबी वीराचं आख्यान तो संकटात असतानाच मिटत, ते याच हिशेबाने: गिऱ्हाईक उद्या परत यायला हवं.

पायरी सातवी: आपली चौकट बांधा

बोधाचा मोह आणि तिसऱ्याची मागणी, हे दोन धडे वर आलेच. उरलेलं काम असं.

आधी किंमत ठरवा, गोष्टी नंतर. सांगणाऱ्याकडून काय जाणार आहे? जीवच हवा असं नाही. घर, नोकरी, मुलाचा ताबा, खटल्याची तारीख, काहीही चालेल, पण ते ऐकणाऱ्याच्या हातात असलं पाहिजे. अरबी कथांत सौदा बहुतेकदा तोंड उघडायच्या आधी होतो. तीन सफरचंदांच्या गोष्टीत जाफर वजीर आपल्या गुलामाचा जीव वाचवायला खलिफाशी अट घालतो: आपण सांगू ती गोष्ट या प्रकरणाहून नवलाची निघाली तर गुलामाला सोडायचं. अट मान्य झाली की मगच कैरो-बसऱ्याच्या दोन भावांची लांबलचक गोष्ट सुरू होते, आणि लांबी खपते ती त्या अटीमुळे.

मग ऐकणाऱ्याला काम द्या. नुसता हुंकार देणारा श्रोता चौकट मारतो. आपल्याकडच्या जुन्या चौकटी इथे उपयोगी पडतात, कारण त्यांचे सौदे निराळे आहेत. वेताळाच्या गोष्टींत ओझं ऐकणाऱ्यावर असतं: उत्तर ठाऊक असून विक्रम गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. शुकबाहात्तरीतला पोपट रोज रात्री बाईला उंबऱ्याच्या आत थोपवतो. हे दूरचे नातेवाईक नव्हेत. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचं अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केलं. अरबी गद्याला गोष्टीत गोष्ट घालायची सवय लागली त्यात त्याचा मोठा वाटा. आणि कथासरित्सागर ज्या जुन्या बृहत्कथेवरून रचला, तिचा कर्ता गुणाढ्य त्याच कथासरित्सागरात सातवाहन राजाच्या पदरी, प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला दाखवला आहे.

आतल्या गोष्टी किती घ्यायच्या? लघुकथेसाठी दोन पुष्कळ झाल्या, तिसरी नुसती सूचित करा. त्यांना बांधायला एक शारीरिक तपशील निवडा आणि तो प्रत्येकीत वेगळ्या जागी येऊ द्या. तिसऱ्या पदराखाली उतरलात तर ती गोष्ट एका पानाच्या आत संपवा. आणि वर येताना प्रत्येक सांगणाऱ्याला एक वाक्य द्या.

तोडायची जागा शेवटी शोधा. आधी सगळं सलग लिहून काढा, मग हात वर उचललेला, दार अर्धं उघडलेलं, नाव ओठांवर आलेलं अशी ठिकाणं हेरून तिथे बाहेरच्या चौकटीत या. आतली गोष्ट संपल्यावर बाहेर येणं ही नवशिक्याची सवय आहे, आणि तिच्यामुळेच चौकट शोभेची होते.

पायरी आठवी: कात्री लावून बघा

मसुदा झाला की चौकट पूर्ण काढून टाका आणि आतल्या गोष्टी वाचा. सिंदबादवर हा प्रयोग करून पाहा. दमलेला हमाल सिंदबाद श्रीमंताच्या दारात बसून दैवाला दोष देतो. खलाशी सिंदबाद त्याला आत घेऊन सात सफरी ऐकवतो आणि रोज शंभर सोन्याची नाणी हातावर ठेवतो. सांगणाराच ऐकणाऱ्याला पैसे देतो, असा हा उलटा व्यवहार. श्रीमंताने पैसे देऊन आपल्या संपत्तीचं समर्थन गरिबाला ऐकवल्यासारखं. चौकट काढली तर सफरी शाबूत राहतात, बालआवृत्त्यांनी ते दाखवूनच दिलं आहे. फक्त हा टोचणारा भाग जातो. कुबड्याच्या गोष्टीत मात्र कात्री चालवताच न्हाव्याला दरबारात यायला वाट राहत नाही आणि काटा घशातच राहतो.

तुमच्या मसुद्यात पहिला प्रकार निघाला तरी हरकत नाही, पण मग चौकट दोन परिच्छेदांवर आणा आणि तिला दरवेळी परत बोलवू नका. दुसरा प्रकार हवा असेल तर आतल्या कुठल्या पात्राला, वस्तूला किंवा बातमीला बाहेर यावंच लागेल ते शोधा, आणि ते पहिल्या पानावर गाजावाजा न करता पेरून ठेवा. माशाचा काटा तिथेच तर होता, जेवणाच्या ताटात.